वाघीण लागली का?

बंडीत चढा. ज्वारीच्या पोत्यांवर कडब्याची पेंढी टाकली आहे, तिच्यावर बसा आणि घोंगडी घट्ट लपेटून घ्या. जानेवारी 1944 आहे. संक्रांत तोंडावर आली आहे, आणि वडनेरची पहाट व्हायला अजून बराच अवकाश आहे. बंडी हाकणारे काका साठीकडे झुकलेले कास्तकार आहेत. जुवाखाली बैल घालताना ते त्यांच्याशीच बोलत होते, तुमच्याशी नाही. धुऱ्याला कंदील टांगलेला आहे, पण पेटवलेला नाही.

"राकेल नाई ना बापू," काका सांगतात. "बैलायले रस्ता मालूम हाये."

रस्ता म्हणजे नागपूर-हैदराबाद सडक. तुमच्या काळात तिला राष्ट्रीय महामार्ग 44 म्हणतात आणि वडनेरहून हिंगणघाट म्हणजे चहा थंड होईपर्यंतचा प्रवास असतो. आज मात्र रात्र सरेपर्यंत बंडी चालणार आहे. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी आहे आणि उरलीसुरली बोंडे अंधारातही पांढरी दिसतात. मागून येणाऱ्या आणखी चार-पाच बंड्यांच्या घुंगरांचा आवाज येतो. गावातून एकट्याने कोणी निघत नाही.

मध्येच एका चढावर एक मोटार अडलेली दिसते. ही प्रवासी बस आहे आणि तिच्या पाठीला माणसाएवढी लोखंडी टाकी जोडलेली आहे. पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाल्यापासून बसगाड्या लाकडी कोळशाच्या गॅसवर चालतात. क्लिनर टाकीजवळ उभा राहून पंख्याची दांडी गरागरा फिरवतो आहे आणि ठिणग्या उडत आहेत. आतले उतारू खाली उतरून चढ पायी चढत आहेत. काका बंडी बाजूने काढतात आणि बैलांच्या पाठीवर हात ठेवतात. बैल बुजत नाहीत, हे रोजचेच आहे.

काकांना हिंगणघाटहून काय आणायचे आहे ते विचारा. मीठ, काडेपेट्या आणि मिळालेच तर राकेल. धोतरजोडीही हवी आहे, पण ती मिळण्याची आशा त्यांनी सोडली आहे. यांतल्या पहिल्या तीन वस्तू वडनेरला रेल्वेच्या वाटेनेच येतात. मीठ समुद्रकाठच्या आगरांतून वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, भरून येते. ब्रह्मदेशचे तेल 1942 मध्ये जपान्यांच्या हाती गेले, तेव्हापासून राकेल दुर्मीळ झाले. कापड हिंगणघाटच्याच गिरण्यांत विणले जाते, पण गिरण्यांच्या मालाचा मोठा हिस्सा लष्कराकडे जातो. जून 1943 पासून कापडावर सरकारी नियंत्रण आहे आणि ठाणावर किंमत छापलेली असते. त्या छापील किमतीला ते मिळतेच असे नाही. आपल्याच शेतातला कापूस डोळ्यांदेखत गिरणीत जातो आणि त्याचे धोतर अंगावर येत नाही, हे काका रागावून नाही, हिशेब मांडावा तसे सांगतात.

कापसाचा विषय निघाला की मात्र त्यांचा आवाज बदलतो. आज बंडीत कापूस का नाही, हे तुम्हाला आधीच विचारायचे होते. हिंगणघाटचा कापूस एके काळी लँकेशायरच्या बाजारात नावाने ओळखला जात असे. पुढे वऱ्हाड-मध्यप्रांताच्या आखूड धाग्याच्या रुईचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान झाले. डिसेंबर 1941 मध्ये तोच जपान शत्रू झाला आणि ते गिऱ्हाईक संपले. कापूस कमी करा, धान्य पेरा, असे सरकार सांगू लागले. काकांनी गेल्या खरिपात कापसाचे दोन तुकडे ज्वारीखाली आणले, ते सरकारच्या सांगण्यावरून म्हणा किंवा भावाच्या धास्तीने म्हणा. ती ज्वारी आता तुमच्या बुडाखाली आहे. तिचे काय होणार, हे ज्वारीच्या पिकावर ठरत नाही. वणा नदीच्या काठावरल्या गावात एक रेल्वेचा मालधक्का आहे, तिथे ते ठरते.

हिंगणघाट येते तेव्हा उजाडायला लागले आहे. स्टेशनाच्या घड्याळाकडे बघा, आठ वाजत आले आहेत. जानेवारीत सूर्य उगवायला आठ? 1 सप्टेंबर 1942 पासून सरकारने देशभराची घड्याळे एक तास पुढे नेली आहेत. युद्ध संपल्यावर, ऑक्टोबर 1945 मध्ये, ती पुन्हा मागे येतील. बाजारात दोन वेळा चालतात, एक नवी आणि एक आपली. काका आपल्या वेळेने चालतात आणि स्टेशनातला मालबाबू नव्या वेळेने, त्यामुळे वडनेरच्या बंड्या रात्री आणखी तासभर आधी जुंपाव्या लागतात.

अडत्याच्या ओट्यासमोर बंड्या सोडल्या जातात. शेठजी बाहेर येतात. काका राम राम घालतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो भावाचा नसतो.

"वाघीण लागली का जी?"

"कुठची वाघीण, भाऊ! मागणी टाकून ठेवली आहे. आज लागेल, उद्या लागेल."

भाव त्यानंतर निघतो, आणि तो ऐकून काका मान खाली घालतात. ज्वारी तीच, बाजार तोच, माप तेच. पण वाघीण लागणार नसेल तर शेठजींनी घेतलेले पोते त्यांच्या गोदामात पडून राहणार, उंदीर खाणार, पैसा अडकणार. म्हणून भाव पडतो. वाघीण लागली की त्याच पोत्याची किंमत तासाभरात चढते. सरकारने धान्याचे कमाल भाव ठरवले आहेत, ते सगळ्यांना ठाऊक आहेत. पण वाघीण असलेल्या ज्वारीला एक भाव आणि वाघीण नसलेल्या ज्वारीला दुसरा, हे कोणत्याही हुकुमात लिहिलेले नाही. वडनेरच्या कास्तकाराला त्याचे उत्पन्न मात्र याच न लिहिलेल्या भावाने मिळते.

चला, मालधक्क्यावर जाऊ.

दगडी ओटा, वर पत्रे, कडेला रुईच्या गाठींची चळत. एकेका गाठीत 392 पौंड रुई दाबलेली आणि पोलादी पट्ट्यांनी बांधलेली आहे. वरच्या थराचे तरट दवाने काळे पडले आहे, म्हणजे या गाठी बरेच दिवस इथेच आहेत. पलीकडे बाबूंची खोली. आत टेबलावर एक जाड नोंदवही उघडी आहे. कोणी, कोणत्या मालासाठी, कुठल्या स्टेशनापर्यंत, किती वाघिणी मागितल्या, ते तिच्यात ओळीने लिहिले जाते. पूर्वी गोष्ट सरळ होती. ज्याची मागणी आधी त्याला वाघीण आधी, आणि मग भाडे भरा. आता वहीत एक जास्तीचा रकाना आहे, तो प्राधान्याचा. त्या रकान्यात काय लिहिले आहे त्यावर आधीचा माणूस मागे जातो आणि मागचा पुढे येतो.

बाबू वाईट माणूस नाही. डोळे तांबारलेले, गळ्याला मफलर. टेलिफोनची मूठ फिरवतो, ओरडून बोलतो, पुन्हा लिहितो. वाघिणी त्याच्या हातात नाहीत, त्या वरून सुटतात. वर म्हणजे कुठे? जुलै 1942 मध्ये दिल्लीत युद्ध-वाहतुकीचे स्वतंत्र खाते उघडले. त्याचे सदस्य सर एडवर्ड बेन्थॉल, कलकत्त्याच्या व्यापारी जगातून आलेले. त्यांच्या हाताखाली प्रादेशिक प्राधान्य नियंत्रक. कोणता माल आधी हलवायचा हे ते ठरवतात. अधिकार येतो भारत संरक्षण कायद्यातून, 1939 च्या.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने 1917 च्या अखेरीस खाजगी कंपन्यांच्या रेल्वे सरकारी ताब्यात घेतल्या. इंग्लंडनेही 1939 मध्ये कंपन्यांचा कारभार एका समितीकडे सोपवला. हिंगणघाटवरून जाणारी जी.आय.पी. रेल्वे मात्र 1925 पासून सरकारच चालवत होते. बी.बी.सी.आय. 1942 च्या पहिल्या दिवशी सरकारकडे आली आणि बंगाल-नागपूर रेल्वे यंदा, 1944 च्या ऑक्टोबरमध्ये, येईल. म्हणजे आपल्याकडे रूळ आणि इंजिने ताब्यात घेण्याचा प्रश्न फारसा उरलेलाच नव्हता. नवे नियंत्रण आले ते रांगेवर. वाघीण कोणाची, हे आधीच ठरलेले होते. ती आधी कोणाला, हे आता दिल्लीत ठरू लागले.

धक्का थरथरतो. मागे सरा.

दक्षिणेकडे एक लष्करी स्पेशल धडधडत निघते. डब्यांच्या खिडक्यांत खाकी कपडे, उघड्या वाघिणींवर ताडपत्रीखाली मोटारी आणि तोफांचे आकार. हा मार्ग मुळात वरोऱ्याचा कोळसा आणि हिंगणघाटचा कापूस वाहण्यासाठी टाकला गेला. 1929 मध्ये काझीपेठ-बल्लारशा दुवा जोडला गेला आणि हा घरगुती फाटा दिल्ली-मद्रास महामार्ग झाला. एप्रिल 1942 मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. त्यानंतर लष्कराला दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे नेणाऱ्या प्रत्येक मार्गाचे मोल एकदम वाढले. हिंगणघाटवर एकही बॉम्ब पडलेला नाही. पण दिवसातून कितीदा तरी सिग्नल पडतो आणि साध्या मालगाडीला बाजूच्या रुळावर उभे केले जाते, तेव्हा युद्ध इथेही आलेले असते.

स्पेशल गेल्यावर बल्लारपूरकडचा कोळसा जातो. तोही आधी जाणार, कारण कोळसा नाही तर इंजिनही नाही. बाबू बोटे मोजत सांगतो ते ऐका. झरियाचा कोळसा पूर्वी कलकत्त्याहून जहाजाने मुंबईला जायचा. आता जहाजे युद्धाला लागली, समुद्रात पाणबुड्या फिरू लागल्या, म्हणून तो सगळा कोळसा रुळावर आला. काही शाखामार्ग उखडून त्यांचे रूळ आणि त्यांबरोबर इंजिने, वाघिणी पश्चिम आशियात पाठवल्या. नव्या वाघिणी बनवायच्या त्या कारखान्यांत दारूगोळा बनतो आहे. इंग्लंडहून नवी इंजिने येईनात. थोडक्यात, ओझे वाढले आणि खांदे कमी झाले. स्टेशनाच्या भिंतीवर प्रवाशांना विनंती करणारी पाटी आहे: अगदी गरज असेल तरच प्रवास करा. ऑगस्ट 1942 नंतर लोकांच्या मनात रेल्वेविषयी वेगळीच भावना आहे. याच वर्धा जिल्ह्यात आष्टीला 16 ऑगस्टला गोळीबार झाला, रक्त सांडले. ज्या रेल्वेने सैन्य येते तिच्या वेळापत्रकाचे लोकांना काय कौतुक असणार!

मग दुपारी, जेवणाची भाकरी सोडायची वेळ होते तेव्हा, शंटिंगची शिटी वाजते. एक मालगाडी आपल्या मागची एक वाघीण फाट्यावर सोडून पुढे जाते.

जवळ जाऊन बघा. मळकट तांबूस रंगाची, चार चाकांची, बंद वाघीण. अंगावर एन.डब्ल्यू. ही अक्षरे, म्हणजे ती लाहोरच्या नॉर्थ-वेस्टर्न रेल्वेची आहे. वाघिणी सगळ्या रेल्वेंच्या सामायिक असतात. पंजाबातली वाघीण कुठे कुठे फिरून वणाकाठी येते. दारावर खडूच्या खुणा एकीवर एक, पुसलेल्या आणि पुन्हा लिहिलेल्या. चिमट्यात लेबलाचे फाटके कोपरे. आत उतरा, फळ्यांच्या फटींत कोळशाची भुकटी आहे. एका जागी फळी कुजून मूठभर भोक पडले आहे. हमालांतला म्होरक्या ते पाहतो, काही न बोलता फाटक्या बारदानाची गुंडाळी करून त्यात ठोसतो, वर पाय देऊन दाबतो. मग धक्क्यावरून वाघिणीत लाकडी फळी टाकतात आणि काम सुरू होते. आकडा, पाठ, फळी, थप्पी. पोते पाठीवर घेतलेला माणूस फळीवर धावतो, चालत नाही, कारण चालला तर फळी वाकते. दोनशेच्या वर पोती बसतात, साडेपाचशे-सहाशे मण. वडनेरसारख्या गावाच्या पंचवीस-तीस बंड्यांचा माल एका वाघिणीत जातो. ठरलेल्या तासांत ती भरली नाही तर दंड, म्हणून कोणी पाणी प्यायलाही थांबत नाही.

हे धान्य मुंबईला चालले आहे. मुंबईत 2 मे 1943 पासून रेशनिंग आहे आणि गिरणगावातल्या चाळींमध्ये कार्डावर धान्य मिळते. बाहेरच्या प्रांतांतून येणाऱ्या वाघिणींवर ती दुकाने उभी आहेत. रेशनचे हे जाळे नसते तर मुंबईत काय झाले असते, याचा विचार करायला दूर जावे लागत नाही. हमालांच्या हातातले बारदान बंगालच्या तागाचे आहे. त्या बंगालात गेल्या वर्षी माणसे रस्त्यावर मेली. पुढे सरकारी चौकशी आयोग सुमारे 15 लाख मृत्यू सांगेल आणि नंतरचे अभ्यासक 30 लाखांपर्यंत जातील.

मला इथे स्पष्ट बोलायचे आहे. वाघिणींवर नियंत्रण आणणे चूक नव्हते. खांदे कमी असताना ज्याच्या गाठीला पैसा त्याचा माल आधी, असे ठेवले असते तर मुंबईच्या गिरणी कामगाराला ज्वारी मिळाली नसती. चूक होती ती प्राधान्याच्या यादीच्या क्रमात आणि त्याहूनही यादी करणाऱ्यांत. रंगून 8 मार्च 1942 रोजी पडले तेव्हाच ब्रह्मदेशचा तांदूळ बंद होणार, हे कळत होते. केंद्राचे अन्नखाते उघडले डिसेंबर 1942 मध्ये. लष्कर आणि लष्करी कारखाने यादीच्या शिरोभागी पहिल्या दिवसापासून होते. उपाशी माणसाचे धान्य वर सरकले ते कलकत्त्याच्या फुटपाथवर प्रेते पडल्यानंतर. व्हाइसरॉय वेव्हेल ऑक्टोबर 1943 मध्ये आले आणि त्यांनी धान्यवाटपाला सैन्य लावले. जुलै 1943 मध्ये दामोदरला पूर येऊन कलकत्त्याकडचा रेल्वेमार्ग तुटला होता, हे खरे. पण पूर वर्षातून एकदा येतो आणि यादी रोज होते. रोजच्या यादीत धान्याचा नंबर लावण्याचा अधिकार ज्या हातात होता, त्या हातांना भूक दिसायला दीड वर्ष लागले. हे मी विसरू शकत नाही आणि विसरू नये असे मला वाटते.

ती यादी करणाऱ्यांत वडनेरचे कोणी नव्हते, बंगालच्या खेड्याचे तर नव्हतेच. मध्यप्रांतात निवडून आलेले मंत्रिमंडळ नोव्हेंबर 1939 मध्येच राजीनामा देऊन बाहेर पडले. तेव्हापासून गव्हर्नरचा कारभार आहे आणि हिंगणघाटच्या मालधक्क्याबद्दल प्रश्न विचारायला सभागृहात कोणी नाही. इथून वायव्येला सेवाग्राम आहे, पण बापू तिथे नाहीत. ते पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत आहेत. विनोबाही तुरुंगात आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम उभारणारे जे. सी. कुमारप्पा जबलपूरच्या तुरुंगात आहेत आणि तिथेच ते टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक लिहिणार आहेत. गावाने आपली मूलभूत गरज शक्यतो आपल्या पंचक्रोशीत भागवावी, हा त्यांचा आग्रह. दवाने भिजलेल्या त्या रुईच्या गाठी आणि धोतरावाचून परतणारे काका एका नजरेत पाहिले की त्यांचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. तरीही मला तो पुरता पटत नाही. दुष्काळ पडलेल्या प्रांताला शेवटी दूरवरून आलेली वाघीणच वाचवते. प्रश्न वाघीण असावी की नाही हा नाहीच.

आणि ही नोंदवही युद्धाबरोबर मिटणार नाही. भारत संरक्षण नियम सप्टेंबर 1946 मध्ये संपतील, त्याच वर्षी अत्यावश्यक पुरवठ्याचा तात्पुरता कायदा येईल. 1947 मध्ये रेल्वेच्या मालवाहतुकीचा वेगळा कायदा होईल आणि कोणत्या मालाला आधी वाघीण द्यायची हे ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे राहील. 1955 मध्ये जीवनावश्यक वस्तू कायदा, मग 1989 च्या रेल्वे कायद्यातले 71 वे कलम. तुमच्याच काळात, 2022 च्या उन्हाळ्यात, वीजकेंद्रांचा कोळसा आधी जावा म्हणून प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. तो अधिकार तेव्हाही याच घराण्यातला होता. फरक इतकाच की आता खासदाराला त्याबद्दल प्रश्न विचारता येतो.

बाबू वाघिणीचे दार ओढतो, कडी घालतो, सील दाबतो, चिमट्यात नवे लेबल खोचतो. शेठजींच्या हातात रेल्वेची पावती पडते. बाजारात ही बातमी पावतीच्या आधी पोचलेली आहे आणि ज्वारीचा भाव वर सरकला आहे. सकाळी ज्यांनी विकली ते बंड्या जुंपून गेले. काकांनी विकली नव्हती. तौजीचा, म्हणजे शेतसाऱ्याचा, हप्ता भरायचा म्हणून ते आता निम्मी पोती मोजून देतात, सुट्ट्या पैशांत मिळालेली भोकाची नाणी कमरेच्या कसात ओवून ठेवतात आणि उरलेल्या पोत्यांकडे बघतात.

"हे ठेवून जा भाऊ," शेठजी म्हणतात. "पुढची वाघीण लागली की पहिला माल वडनेरचा चढवतो. भाव तेव्हाचा."

काका दिवसभर मालधक्क्याच्या दाराशी बसून होते. वहीतला रकाना त्यांना वाचता येत नाही, पण बाबू प्रत्येक वेळी कागद बघूनच वाघीण देतो, हे त्यांनी पाहिले आहे.

"मंग असं करा शेठजी," ते म्हणतात, "तेवढं लिहून द्या."